निवांत रोज दिसतो

१९ जानेवारी

थोरल्यानं कोट पाठवला. तोच राखाडी, लोकरीचा, पहिल्या नोकरीत हौसेनं घेतलेला. त्याला कुणी नुसता हात लावला तरी "हात धुतलेत का?" विचारायचा. खोक्यात धाकटीसाठी त्याचे मोठे हेडफोनही निघाले. पाठोपाठ फोनवर निरोप आला: 'बाबा, तुम्हाला होईल. मला आता लागणार नाही.'

खांद्यात अगदी माझ्या मापाचा आहे. मी आरशापुढे उभा राहून वळून वळून बघत होतो, तर ही म्हणाली, "थंडी संपलेली नाही आणि कोट पाठवतो? मग तो काय घालतोय?" तिकडे उबदार असेल, मी म्हणालो. तिनं खोकं उलटंपालटं करून पाहिलं. पाठवणाऱ्याच्या जागी कुरिअरच्या दुकानाचाच पत्ता. ऑक्टोबरात नोकरी बदलून नव्या शहरात गेला, तेव्हापासून 'पक्की जागा मिळाली की कळवतो' यावरच गाडं अडलं आहे.

हिच्या काळजीला कारण लागत नाही. मला तर बरं वाटलं. पोरगं आईबापाची आठवण ठेवून आहे, आणखी काय पाहिजे?

२ फेब्रुवारी

कोट आला तेव्हापासून त्याचा फोन बंद. ही बसली की फोन, उठली की फोन. मला म्हणते, "जन्मभर लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढलंत, आणि स्वतःच्या पोराचं काही सुचत नाही तुम्हाला." मी म्हटलं, अडकलेल्या माणसाला पहिली सूचना हीच असते की घाबरू नका, दार ढकलू नका. तिनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी धाकटी कॉलेजातून आली आणि तिनं घोर मिटवला. थोरला वर्षानुवर्षं एक गेम खेळतो, इंटरनेटवरचा, हजारो माणसं एकाच वेळी खेळतात तसला. हे मला ठाऊक होतं. त्याच्या खोलीचं दार त्यापायीच बंद असायचं. तिथं त्याचं नाव 'निवांत'. त्या गेमच्या पानावर कोण कधी खेळून गेलं ते सगळ्यांना दिसतं म्हणे. निवांत काल संध्याकाळी खेळला. परवाही खेळला.

ही खुर्चीत बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे खुशाल आहे आणि फोन बंद ठेवतो?" राग आला की ही नीट जेवते, त्यामुळे मला हायसं वाटलं.

धाकटी म्हणाली, "मीच सारखे फोन करून वैताग आणला त्याला. मी तिथं गेले तर तिथूनही उठून जाईल. बाबा, तुम्ही जा. अनोळखी म्हणून."

"म्हणजे पाळत ठेवू?"

"सोबत करा हो. बोलता बोलता बोलेल तो."

५ फेब्रुवारी

थेट त्या गेममध्ये सोडलं तर माझा पार फज्जा उडेल, असं पोरीचं मत. म्हणून आधी तिनं मला एकट्यानं खेळायच्या गेममध्ये टाकलं. प्रकार तोच. एक माणूस घ्यायचा, त्याच्या हातात तलवार द्यायची, गावोगाव हिंडून लोकांची कामं करायची. फरक एवढाच की तिथं मी सोडून दुसरं कुणी खरं नाही.

डाव्या हातानं चालायचं, उजव्या हातानं मान वळवायची. माझा शूर वीर अर्धा तास एका गोठ्याभोवती गोल गोल फिरत राहिला. धाकटी पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं.

१० फेब्रुवारी

खरं सांगायचं तर मला हा एकट्याचा गेम फार आवडला आहे. काय सोय आहे! म्हातारा लोहार लांबण लावतो, पण मी चष्मा पुसेपर्यंत तसाच थांबतो. मी चहाला उठलो तर अंगावर धावून आलेला लांडगाही अर्ध्या उडीत थांबतो. सगळं गाव माझ्यावाचून अडलेलं. आणि चुकलं तर आधी साठवून ठेवलेल्या जागी परत जायचं. पूल मोडला, माणूस दगावला, बोलू नये ते बोलून बसलो, सगळं पुसता येतं. मी तर दर दोन पावलांवर साठवतो. धाकटी म्हणते, "बाबा, तुम्ही खेळत नाही, पावत्या फाडता."

एकच खोट आहे. लोहार दर वेळी तेच बोलतो. काल त्याची हरवलेली मुलगी मी शोधून आणली, तरी आज आपलं पुन्हा, 'वाटसरू, धार लावायची का?'

१३ फेब्रुवारी

आज खऱ्या गेममध्ये गेलो. नाव काय घेऊ, म्हटलं. मग 'तळमजला' घेतलं. लिफ्टच्या माणसाला दुसरं काय सुचणार! शिवाय मनात असंही होतं की थोरला हे नाव वाचेल आणि काय ते समजेल. लहानपणी लिफ्टमध्ये शिरला की "तळमजला आला, उतरा!" असं तोच ओरडायचा.

इथं कुणी कुणासाठी थांबत नाही. चष्मा पुसला, तेवढ्यात मेलो. माणसं उड्या मारत, एकमेकांना ओलांडून पळतात, त्यांची आपसांतली थट्टामस्करी पडद्यावरून वाहत जाते आणि मी बाजारात आईचा हात सुटल्यासारखा उभा. साठवायचं कुठे, म्हणून विचारलं. धाकटी म्हणाली, "इथं मागे जाता येत नाही बाबा. झालं ते झालं." आणि आपण बंद करून उठलो तरी आत सगळं चालूच असतं. हे मला पटलं नाही. आपण नसतानाही जो चालू राहतो तो कसला खेळ?

१८ फेब्रुवारी

दिसला! नदीवरच्या दगडी पुलावर उभा होता. धिप्पाड, पाठीवर ढाल, डोक्यावर नाव: निवांत. माझ्या पोराकडे मी कधी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, 'नवीन आहे. वाट सापडत नाही.'

'तळमजला? काय भारी नाव काढलंय! या माझ्या मागून,' तो म्हणाला.

ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. लबाड आहे.

धाकटी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "दादा ढालवाला. तो कायम दुसऱ्याला पुढे घालतो आणि मागून सांभाळत येतो. हा पुढे पळतोय." माणूस बदलतो, मी म्हटलं. धीट झाला असेल.

हिला जाऊन सांगितलं, पाहिला मी त्याला. "कसा दिसतो?" तिनं विचारलं. आता काय सांगणार? चांगला दिसतो, म्हटलं. तब्येत सुधारली आहे.

२६ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी कोट चढवून बसतो. निवांत पुलावर असतोच. मी पहिलं तेच विचारतो, 'जेवलास का?' पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, 'असं कुणी विचारत नाही हो. नाही जेवलो.' मी लिहिलं, 'मग जेवून ये. मी थांबतो.' गेला, जेवून आला. पोरगं परगावी उपाशी बसतं आणि सांगत नाही!

माझं वय सांगितल्यापासून मला काका म्हणतो. मीही काही म्हणत नाही, चालू द्या नाटक. लवकर उठून जातो, सकाळी काम असतं म्हणे. आमचा थोरला आणि सकाळी उठणार! शिस्त लागली. पूर्वी अर्धे शब्द गिळून लिहायचा, आता वाक्य पुरं करतो. काम काय करतोस, विचारलं तर म्हणतो, 'दात करतो. कवळ्या.' कॉम्प्युटर शिकलेला मुलगा कवळ्या कशाला करेल? थट्टेखोर जन्माचाच. मीही लिहिलं, एक जबडा मला पाठव.

हिला रोज थोडं थोडं सांगतो. जेवला म्हणाला, हसला, आज दमला होता. ती ऐकून घेते.

७ मार्च

आज हिनं पिशवीत त्याचा फोटो टाकला, पायांत चपला सरकवल्या आणि दारात उभी राहिली. "चला. पोलिसांत जायचं."

"कशाला?"

"पोरगा हरवलाय."

"अगं, काल संध्याकाळभर माझ्याबरोबर होता तो! पोलीस हसतील आपल्याला. हरवलेला माणूस रोज येऊन अजगर मारतो होय?"

"मला अजगराशी काय करायचंय? आवाज ऐकवा मला त्याचा. एकदाच."

गेममध्ये बोलायची सोय आहे, नाही असं नाही. पण तसं म्हटलं की माझं बिंग फुटणार, आणि फुटलं की तो उठून दुसऱ्या नावानं दुसरीकडे जाणार. मग कुठे शोधायचा? हे सगळं तिला समजावलं. जरा धीर धर, दार ढकलू नकोस, आपसूक मजल्याला लागेल. ती चपला काढून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं आता भांडी आपटेल. आपटली नाहीत.

८ मार्च

ही बोलत नाही.

१६ मार्च

आज एका गुहेत मी मागे राहिलो आणि मेलो. एकट्याच्या गेममध्ये मेलं की पडदा काळा होतो आणि आपण मागच्या जागी उठतो, कुणाला पत्ताही लागत नाही. इथं मी पडलो होतो तसाच पडून राहिलो. लोक माझ्यावरून ये-जा करत होते, एक जण माझ्या अंगावर उभा राहून दुसऱ्याशी गप्पा मारत होता. सगळं खोटं, तरी फार वाईट वाटलं.

मग निवांत परत आला. अख्खी गुहा पुन्हा लढत, एकटा. मला उठवलं. म्हणाला, 'काका, यादीत तुमचं नाव राखाडी दिसलं. इथं मेलेल्याला कुणीतरी येईपर्यंत पडून राहावं लागतं. सोडून कसं जाणार?'

डोळे भरून आले. हिला मुद्दाम जाऊन सांगितलं, बघ, तुझा मुलगा कसा आहे ते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग आपल्याला कसा सोडून गेला?" म्हणाली. तिनं पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर ती एकटी पोलिसांत जाणार.

२३ मार्च

मुदत उद्या संपते. म्हटलं, आता आडपडदा नको. दुपारी गेलो, निवांत पुलावर होता. लिहिलं: 'बाळा, मी बाबा. पुरे आता. आईला अन्न गोड लागत नाही. आम्ही रागावलेलो नाही. घरी ये.'

पडद्यावर आलं:

'काका, मी तो नाही.'

'सोंग पुरे.'

'खरंच नाही हो. हा निवांत आधी माझा नव्हता. ज्याचा होता तो आणि मी एका टोळीत खेळायचो. जानेवारीत त्यानं मला दिला. त्याचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही. मी खरंच कवळ्या करतो. तुम्ही जेवलास का विचारायचात, मला वाटलं मलाच विचारताय.'

मला आधी राग आला. इतके दिवस माझ्या मुलाचं कातडं पांघरून हिंडत होता! मी विचारलं, 'किती पैसे मोजलेस?' कारण गेममधली अशी तयार झालेली माणसं विकली जातात, हे धाकटीनं मला सांगितलं होतं.

'एकही नाही. सगळे विकतात, यानं फुकट दिला. म्हणाला, मला आता लागणार नाही, तू सांभाळ.'

हे वाचून माझा राग गेला. उलट ऊर भरून आला. इतक्या वर्षांची मेहनत आणि फुकट देऊन टाकली, मन मोठं आहे पोराचं. आणि गेम सुटला म्हणजे कामात पडला, मार्गी लागला. मी जन्मभर याचसाठी कानीकपाळी ओरडलो. मी ते मोठ्यानं धाकटीला सांगितलं. ती शेजारी अभ्यास करत होती, थोरल्याचे हेडफोन कानाला लावून. तिनं ते खाली ओढले.

"काय म्हणाला होता दादा? परत वाचा."

वाचलं.

"बाबा, कोटाबरोबर काय लिहिलं होतं त्यानं?"

कोट माझ्या अंगातच होता.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, चटका बसल्यासारखे, आणि आईला हाक मारली. आता दोघी दारात उभ्या आहेत. मला बूट सापडत नाहीत म्हणून मी हे लिहीत बसलो आहे. बूट पायांतच आहेत.

२४ मार्च

पोलीस अधिकारी तरुण होता, थोरल्याहून थोडा मोठा. "शेवटचा कधी पाहिलात?" त्यानं विचारलं. 'काल' असं माझ्या जिभेवर आलं होतं. "ऑक्टोबरात," ही म्हणाली. "गाडीत बसवलं तेव्हा. खिडकीतून हात केला होता त्यानं."

"इतके दिवस का थांबलात?"

मी मान खाली घातली. आता ही सांगणार, सांगू दे, म्हटलं.

"वाटलं, खुशाल आहे," ती म्हणाली. माझं नाव घेतलं नाही तिनं.

३० मार्च

मिळाला. त्या शहरातल्या सरकारी इस्पितळाच्या शवागारात. जानेवारीच्या अखेरीपासून तिथंच होता. खिशात काही नव्हतं, फोन नव्हता, ओळख पटली नव्हती. यात दुसऱ्या कुणाचा हात नाही, असं अधिकारी म्हणाला, आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

२ एप्रिल

ओळख पटवायला मी एकटाच आत गेलो. कोट काढून बाहेर हिच्याकडे दिला. चेहऱ्याकडे फार वेळ पाहवलं नाही, हात पाहिले. नखं कुरतडलेली. दुसरीत असल्यापासूनची सवय, आम्ही कडू औषध लावून पाहिलं, सुटली नाही.

धाकटी म्हणते, "बाबा, आपण फेब्रुवारीत पोलिसांत गेलो असतो तरी उशीर झालेलाच होता." खरं आहे. पण तो तिथं बिननावाचा पडून होता आणि मी घरात सांगत होतो, तब्येत सुधारली आहे. जेवला म्हणाला. हसला. हे तिला म्हटलं तर ती रडायला लागली.

११ एप्रिल

काही नाही.

१६ एप्रिल

घरात कुणी नसताना एकट्याचा गेम उघडला. साठवलेल्या जागांवरून एक एक करत मागे गेलो. मागे, मागे, पार पहिल्या दिवसापर्यंत. गोठा आला. इथं धाकटी पोट धरून हसली होती. त्याच्या मागे जाता येत नाही. आणि तेव्हाही तो नव्हताच.

लोहार म्हणाला, 'वाटसरू, धार लावायची का?' बंद करून टाकला.

२१ एप्रिल

आज ही आपण होऊन टेबलाशी आली. आजवर या कोपऱ्यात ती कधी फिरकली नव्हती.

"दाखवा मला."

"काय?"

"तुम्ही रोज पाहायचात तो."

"अगं, तो आपला…"

"माहीत आहे मला तो कोण आहे ते. दाखवा."

मी त्या दिवसानंतर गेलोच नव्हतो. वाटलं, आता तिथं कोण असणार. पण निवांत पुलावर उभा होता. मी दिसताच त्यानं लिहिलं, 'काका! रोज येऊन बघतोय. मुलगा भेटला का?'

मी लिहिलं, 'गेला रे तो. जानेवारीतच.'

त्याच्या मागून माणसं पळत होती, नेहमीसारखी. मग आलं, 'मला कळायला हवं होतं. तो असा देऊन टाकतोय तेव्हा मला नुसता आनंद झाला होता.' आणि थोड्या वेळानं, 'काका, हा तुम्हाला परत देऊ का? नाव, ढाल, सगळं?'

हे मी हिला वाचून दाखवलं. आनंद झाला होता, हे दोनदा वाचलं.

"आपल्याकडे आला तर चालवणार कोण?" ती म्हणाली. "तुम्ही? गोठ्याभोवती? त्याच्याकडेच राहू दे. म्हणावं, जरा चाल."

मी तसं लिहिलं. निवांत चालू लागला. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. पळाला नाही. पाठीवरची ढाल पावलागणिक हलत होती. ही खुर्चीच्या पाठीला धरून, वाकून बघत होती. ती काही बोलेना, म्हणून तो थांबेना. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. मी पडद्याकडे बघत नव्हतो, हिच्या तोंडाकडे बघत होतो.

शेवटी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे म्हणावं आता. सकाळी कामाला जायचं असतं ना त्याला?" मग म्हणाली, "जेवलाय का विचारा."

मी विचारलं. अजून नाही, म्हणाला.

"मग उठ म्हणावं आधी. जेवून ये, आम्ही आहोत," ही म्हणाली, आणि दुसरी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.